ब्लूबेरी लावू का अरोनिया? शिकागोच्या चिकणमातीतला माझा अनुभव

कुंपणालगत दोन झुडपांपुरती जागा आहे, ऊन भरपूर आहे, ब्लूबेरी लावू का अरोनिया, असं या वर्षी मला दोघातिघांनी विचारलंय, म्हणून एकदाच लिहून टाकतो. अरोनिया म्हणजेच ब्लॅक चोकबेरी. (नर्सरीत चोकचेरी नावाचंही झाड असतं, ते पूर्ण वेगळं, त्याच्या बिया आणि पानं विषारी असतात, तेव्हा लेबल दोनदा वाचा.)

मी दोन्ही लावली. शिकागोच्या उपनगरात आमचं घर आहे, मागे चिकणमाती. आधी ब्लूबेरी लावली, ब्लूक्रॉप आणि पेट्रियट, कारण दोन वेगळ्या जाती जवळ असल्या की फळ चांगलं धरतं. दोन वर्षांनी अरोनिया, वायकिंग जातीची दोन रोपं, तीही खरं तर मागची जाळी झाकायची म्हणून. अरोनियाला जोडीदार लागत नाही, एकच लावलं असतं तरी चाललं असतं.

चवीत तुलनाच नाही, हे आधीच मान्य करतो. ब्लूबेरी मुलं झाडावरूनच तोडून खातात. अरोनिया एवढी तुरट की जीभ टाळूला चिकटते. आई साताऱ्याहून आली होती, तिने एक तोंडात टाकलं आणि म्हणाली, "अरे, हा तर हिरडा आहे!" करवंद, जांभूळ खाऊन वाढलेल्या बाईने तोंड वाकडं केलं म्हणजे बघा.

मग ब्लूबेरी का गेली? पीएचमुळे, म्हणजे माती किती आंबट ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकी माती आंबट. ब्लूबेरीला माती साडेचार ते साडेपाच पीएचची, म्हणजे चांगलीच आंबट लागते, आमची निघाली ७.६. वाचायला हा एक आकडा आहे, पण त्याच्यामागे मी चार उन्हाळे घालवलेत. दर जूनमध्ये पानं पिवळी पडायची, शिरा तेवढ्या हिरव्या, म्हणजे लोह मातीत असूनही झाडाला उचलता येत नाही. मग गंधक घाला. गंधकाचं आम्ल मातीतले जिवाणू करतात, थंडीत ते काम जवळजवळ थांबतं, त्यामुळे आज घातलेल्याचा परिणाम बघायला पुढचा उन्हाळा उजाडतो, आणि इकडच्या मातीत चुना एवढा की तो सगळं आम्ल गिळून बसतो. त्यात नळाचं पाणीही अल्कलाइन, म्हणजे एका हाताने आंबट करायचं आणि दुसऱ्या हाताने पाइपने धुवून काढायचं. मी पावसाचं पाणी पिंपात साठवलं, पाइनचा पाला आणून पसरला, पाण्यात व्हिनेगर घालून बघितलं, बायको म्हणाली झाड लावलंयस का लोणचं घातलंयस. एवढं करून जुलैत जी मूठभर फळं पिकायची ती रॉबिन पक्षी माझ्याआधी खायचे. जाळी टाकली तर ती सोडवताना निम्मी फळं खाली.

त्याच मातीत अरोनियाने मला काहीच विचारलं नाही. मे महिन्यात पांढरी फुलं, तोवर रात्री दंव गोठायची भीती बहुतेक गेलेली असते, ऑगस्टअखेर काळेभोर घोस, एकदम अख्खा घोस हातात येतो. चौथ्या वर्षी दोन झाडांची मिळून आईसक्रीमचे दोन मोठे डबे भरले. पक्ष्यांनी आमच्याकडे तरी हात लावला नाही, त्यांनाही बहुधा हिरडाच आठवत असावा. ऑक्टोबरात पानं लालभडक होतात.

तुरटपणाचं काय, तर फळं आधी फ्रीझरमध्ये टाका, गोठून निघाली की बरीच नरम पडतात. मग उकळून, गाळून, साखर, जिरं, काळं मीठ घालून सरबत, रंग कोकमापेक्षा गडद. सप्टेंबरात सफरचंदं येतात, त्यांच्याबरोबर जॅमही झकास होतो. पोलंडमध्ये तर याची शेतंच्या शेतं आहेत, मुख्यतः रसासाठी. मूळ झाड मात्र इथलंच, पूर्व अमेरिकेतलं.

त्रास याचेही आहेत. मुळापासून फुटवे येत राहतात, दर वर्षी काढावे लागतात, आणि हिवाळ्यात ससे कोवळ्या फांद्या कुरतडतात, पहिली दोनतीन वर्षं तारेची जाळी गुंडाळलीच पाहिजे. उंची सहा फुटांपर्यंत जाते, खिडकीखाली लावू नका.

न्यू जर्सीत राहत असाल तर गोष्ट वेगळी. तिथल्या आंबट रेताड जमिनीतच १९१६ साली लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक विकलं गेलं, तुम्ही खुशाल ब्लूबेरी लावा आणि मला फोटो पाठवू नका. घरात लहान मुलं असतील तर इकडेही मोठ्या कुंडीत, पीट मॉसमध्ये (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ, आंबट असतं) जमेल कदाचित, फक्त ती कुंडी हिवाळ्यात गॅरेजमध्ये ओढायची तयारी हवी, माझी कंबर तयार नव्हती. तरी लावायच्या आधी एकदा मातीची टेस्ट करून घ्या, सात किंवा वर आलं तर मी तरी अरोनियाच म्हणेन.

आसपास राहणाऱ्या कुणाला हवे असतील तर एप्रिलमध्ये फुटवे खणून देईन. गंधकाची अर्धी पिशवीही पडून आहे.