लिडेल-स्कॉट-जोन्स ग्रीक कोश: 'हिस्तेमि'च्या नोंदीवरून पारख

प्राचीन ग्रीकचा कोश पारखायचा तर 'हिस्तेमि' हे क्रियापद उघडावं. ऑक्सफर्डचा हा मोठा कोश लिडेल आणि स्कॉट यांनी १८४३ साली काढला, जोन्स यांची नवी आवृत्ती १९४० साली पुरी झाली. ही नोंद त्यात फार नेटकी उतरली आहे.

तिचे मुख्य भाग दोन. पहिल्यात सकर्मक रूपं: वर्तमान हिस्तेमि (उभं करतो), भविष्य स्तेसो, पहिला एओरिस्ट (म्हणजे साधा भूतकाळ, त्याचे प्रकार दोन) एस्तेसा (उभं केलं). तराजूत तोलणे हा अर्थही इथेच सापडतो. दुसऱ्यात अकर्मक: दुसरा एओरिस्ट एस्तेन (उभा राहिलो) आणि पर्फेक्ट (पूर्ण काळ) हेस्तेका. हेस्तेकाचा अर्थ मात्र वर्तमानाचा, 'उभा आहे'. भाषांतरात घसरतं ते इथेच. 'एस्तेसन' तर दोन्हीकडचं: 'त्यांनी उभं केलं' किंवा 'ते उभे राहिले'. वाक्यात कर्म आहे का, हे आधी शोधावं.

नवख्याला शब्द सापडत नाही तो उपसर्गामुळे. समजा मजकुरात 'कतेस्ते' आलं. उपसर्ग 'कत' वेगळा काढा, भूतकाळाचा 'ए' काढा, उरतं 'स्ते'. नोंद मात्र 'कथिस्तेमि'खाली आहे, कारण कोशात मथळा वर्तमानकाळाच्या प्रथमपुरुषी एकवचनाचा असतो. मूळच्या 'सिस्तेमि'तल्या आद्य स्‌चा ह् झाला, आणि त् + ह् = थ्. 'एस्ते'मध्ये स्‌पुढे त् असल्याने स् टिकला, ह् आलाच नाही, म्हणून तिथे त् तसाच. देवनागरी वाचणाऱ्याला हा संधी चटकन पटतो. शिवाय धातू आपल्या ओळखीचा: संस्कृत स्था. तिष्ठति-हिस्तेमि दोन्हींत द्वित्व (धातूचा आद्य ध्वनी पुढे पुन्हा जोडणं), आणि अस्थात्-एस्ते ही जोडी तर थेट जुळते. मराठीतलं 'उभा ठाकला'मधलं ठाकणंही याच कुळातलं.

उणीव आहे ती संक्षेपांची. ग्रंथांची नावं दोन-तीन अक्षरांत दिलेली असतात. सुरुवातीची यादी जवळ हवी. इंग्रजीही जुन्या वळणाची. शिकागो विद्यापीठाच्या 'लोगेइऑन' या संकेतस्थळावर हा कोश फुकट वाचता येतो, रोजच्या वाचनाला तो पुरे. पण १९४० च्या मजकुरात मायसिनी या प्राचीन ग्रीक नगरीच्या लिनिअर बी लिपीतले ग्रीक शब्द असणं शक्यच नव्हतं, ती लिपी १९५२ साली उलगडली. त्यांच्यासाठी १९९६ ची पुरवणी जोडलेली छापील प्रतच घ्यावी.