बहिणीच्या खटल्यासाठी लावलेल्या वकीलमॅडम

मी केज तालुक्यातली अंगणवाडी सेविका. माझ्या धाकट्या बहिणीला तिच्या नवऱ्यानं, म्हणजे आमच्या दाजीनं, दोघांना हाताशी धरून ठार मारलं. घरात गळा आवळला आणि रस्त्यावर नेऊन टाकलं, गाडीनं उडवलं असं दिसावं म्हणून. त्या दोघांतला टेम्पोवाला पुढं माफीचा साक्षीदार झाला, म्हणजे माफीच्या बदल्यात कोर्टात सगळं सांगायला तयार झाला. खटला अंबाजोगाईच्या सत्र न्यायालयात चालला. सरकारी वकील होतेच, त्यांच्या मदतीला आम्ही या मॅडम लावल्या. आमच्यासारखं घर उद्या कुणाच्या तरी दारात वकील शोधत उभं राहील, म्हणून लिहिते.

आधी एका वकिलाकडं गेलो होतो. "फाशीच करून देतो" म्हणून त्यानं ॲडव्हान्स घेतला आणि दोन तारखांना आलाच नाही. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "ताई, साक्षीदाराला प्रश्न सरकारी वकील विचारणार. मी त्यांच्या हाताखाली काम करणार. पुरावा संपल्यावर कोर्टानं परवानगी दिली तर लेखी युक्तिवाद देईन. एवढंच माझ्या हातात आहे. पटत असेल तर वकीलपत्रावर सही करा." फी किती आणि कोणत्या टप्प्याला, हे त्यांनी कागदावर लिहून दिलं.

टेम्पोवाल्याला माफी मिळतेय हे कळलं त्या दिवशी मी त्यांच्या ऑफिसात ओरडले होते. माझ्या बहिणीला मारणारा सुटणार आणि तुम्ही मला समजावता? त्यांनी बोलू दिलं. मग म्हणाल्या, "कट चार भिंतींच्या आत शिजतो, ताई. तिथं तुम्ही नव्हता, मी नव्हते. होता तो हाच. याला बाजूला काढलं तर दाजी म्हणतील मी घरी झोपलो होतो, आणि ते खोडायला आपल्याकडं कोण आहे?" माफी फुकट नसते हेही सांगितलं. स्वतःसकट सगळं खरं सांगायची अट असते. काही लपवलं तर माफी जाते आणि त्याच्यावरच खटला चालू शकतो. तो जामिनावर नव्हता, त्यामुळं खटला संपेपर्यंत आतच राहिला.

मॅडमचं खरं काम मी पाहिलं ते माझ्या दोनशेपानी वहीत. प्रत्येक पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडं टेम्पोवाल्याच्या जबाबातलं एकेक वाक्य, उजवीकडं त्याला दुसऱ्या कशाचा आधार आहे ते. खटला 1 जुलै 2024 च्या आधीपासून चालू, म्हणून जुना साक्ष कायदा लागू. त्यात कलम 133 म्हणतं की गुन्ह्यातल्या साथीदाराच्या दुजोरा नसलेल्या साक्षीवर शिक्षा झाली तरी ती तेवढ्यावरून बेकायदा नाही. आणि कलम 114 च्या ब उदाहरणात आहे की महत्त्वाच्या बाबतीत दुजोरा नसेल तर अशा माणसावर विश्वास ठेवू नये असं कोर्ट धरू शकतं. नव्या कायद्याच्या कलम 138 मध्ये तर दुजोऱ्याचा शब्दच घातलाय. 1957 च्या सरवन सिंग निकालातल्या दोन कसोट्या त्यांनी मला पाठ करायला लावल्या: माणूस विश्वासाचा वाटतो का, आणि त्याच्या बोलण्याला पुरेसा आधार आहे का. बिहारच्या सुरेशचंद्र बहरी खटल्यात नवऱ्यानं बायको आणि दोन लेकरं मारली होती. तिथंही माफीचा साक्षीदार होता आणि 1994 मध्ये सुप्रीम कोर्टानं नवऱ्याची शिक्षा कायम ठेवली. तो निकाल त्यांनी मराठीत सांगितला तेव्हा मला पहिल्यांदा धीर आला.

वहीत पहिल्या पानापासून उजवी बाजू भरत गेली. प्रेत कुठं टाकलं, ओढणी कुठली, सगळं जुळत होतं. मॅडमनी त्यावर पेन्सिलीनं काट मारली. "यानं खून झाला एवढंच कळतं. तो कुणी करवला ते यात कुठंय? दाजीला बांधणारी गोष्ट पाहिजे."

एका पानावर होतं, "दाजीनं वीस हजार उचल दिली, बायकोचं सोनं ठेवून आणली म्हणाला." उजवीकडं कोरं. मी ते पान बघत बसले आणि आठवलं. पंचमीला बहीण माहेरी आली तेव्हा गळा मोकळा होता. एकदाणी कुठंय विचारलं तर म्हणाली, "दुरुस्तीला टाकलीय म्हणले." ती एकदाणी माझ्या आईची, मधल्या मण्याला टवका गेलेला. मॅडमनी लगेच सरकारी वकिलांना सांगितलं. त्यांनी कलम 311 चा, म्हणजे आणखी साक्षीदार बोलावायचा अर्ज दिला, सराफाला रजिस्टरसकट बोलावलं. नोंद दाजीच्या नावाची, सही त्याची, तारीख घटनेच्या आठ दिवस आधीची. एकदाणी मी कोर्टात ओळखली. मण्यावर बोट ठेवलं आणि पुढं बोलता आलं नाही.

मोबाईलच्या कॉलच्या यादीला 65 ब चं, म्हणजे कॉम्प्युटरमधून काढलेल्या पुराव्याला लागणारं प्रमाणपत्र जोडलेलं नव्हतं. तेही मॅडमच्याच लक्षात आलं आणि वेळेत मागवून घेतलं. ते लागतंच, असा सुप्रीम कोर्टाचा 2020 चा निकाल आहे, आणि तो आपल्या जालन्याच्या निवडणुकीच्या वादातून, खोतकर-गोरंट्याल यांच्या, आलेला आहे.

साक्षीच्या दिवशी टेम्पोवाला पिंजऱ्यात म्हणाला, "मी पाय धरले होते." मी बाकाची कड धरली. मॅडमनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "तो असं बोलेल, ऐकवणार नाही तुम्हाला. पण उठून जाऊ नका." उलटतपासणीत त्याला चार तास पिळलं, शिक्षा चुकवायला खोटं बोलतोस म्हणून. निकालपत्रात मात्र न्यायाधीशांनी तेच वाक्य धरलं: स्वतःचा वाटा लपवत नाही, म्हणून विश्वास ठेवण्याजोगा.

दाजीला जन्मठेप झाली, कट आणि खून दोन्हीसाठी. तिसरा सुटला. त्याच्याबद्दल टेम्पोवाल्याच्या तोंडच्या शब्दाशिवाय काही नव्हतं. त्याच्या नावाच्या सहा पानांवर उजवी बाजू शेवटपर्यंत कोरीच राहिली. मॅडमनी हे निकालाच्या महिनाभर आधी सांगितलं होतं. मला ते अजून पचलेलं नाही, पण फसवलं गेल्यासारखं वाटलं नाही.

खटकलेलंही सांगते. फोन चार वेळा करावा तेव्हा एकदा उचलतात. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, जिना उभा. आईला पायरीपायरीवर बसावं लागायचं. बाहेर बसायला दोनच खुर्च्या. तारखेच्या आदल्या संध्याकाळी मेसेज आला तर ठीक, नाहीतर केजहून सकाळची यष्टी धरायची आणि कोर्टात कळायचं की तारीख पुढं गेली.

जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा, नंतर त्या कोर्टात असतात. घरातले सगळे कागद न्या, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, सोन्याच्या पावत्या, लग्नातले फोटोसुद्धा. फोटोत बहिणीच्या गळ्यात ती एकदाणी दिसते, तोही कामाला आला. दाजीचं अपील आता संभाजीनगरच्या खंडपीठात आहे. वही मॅडमकडंच ठेवलीय.