साठीनंतरची वजन उतरवायची बायपास, तीही इन्सुलिनवर असताना: सव्वा वर्षानंतरचा अनुभव

ही बायपास हृदयाची नव्हे, पोटाची: जठराची इवलीशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. तेव्हा वजन १०४ किलो होतं, आता ७९ आहे. उंची १५५ सेंमी, वय ६३, मधुमेह सोळा वर्षांचा, त्यातली शेवटची काही इन्सुलिनवर. हे सगळं आधीच सांगते, कारण वजन किती उतरणार हे या बाकीच्या गोष्टींवरही ठरतं. माझ्याच आठवड्यात ऑपरेशन झालेली पस्तिशीतली पीसीओएसवाली (बीजकोशाच्या, हार्मोन्सच्या तक्रारीची) मुलगी माझ्या कितीतरी पुढे गेली. मधुमेही माणसाचं, त्यातही इन्सुलिनवरच्या माणसाचं वजन तुलनेनं कमी उतरतं. वय वाढलेलं असेल तर आणखी थोडं कमी. सर्जननी हे आधीच सांगितलं होतं, तरी व्हॉट्सॲपवर तिचे फोटो आले की जीव खट्टू व्हायचाच.

टक्केवारीच्या गमतीकडेही लक्ष ठेवा. माझे २५ किलो म्हणजे एकूण वजनाच्या २४ टक्के. ‘जादा वजना’च्या, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २५च्या वर जेवढं वजन होतं त्याच्या हिशोबात तेच २५ किलो ५७ टक्के होतात, आणि बीएमआय २५ ऐवजी आपल्याकडचा २३ धरला तर ५१. जाहिरातीत कुठला आकडा छापतात ते ओळखा!

मला ॲसिडिटीचा जुना त्रास. स्लीव्ह म्हणजे जठराचा मोठा भाग कापून काढण्याच्या दुसऱ्या ऑपरेशननंतर तो वाढू शकतो, म्हणून बायपास ठरली. इन्सुलिन मात्र दवाखान्यातच धडाधड कमी करावं लागलं, वजनाचा काटा हलायच्याही आधी. दिवसाला ४८ युनिट होती, आता रात्रीची १२ आणि मेटफॉर्मिनची गोळी. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टक्केवारी) ९.६ वरून ७ वर आलं. म्हणजे मधुमेह गेला नाही. इतक्या वर्षांत स्वादुपिंडच दमलेलं असतं, त्याला ऑपरेशन तरी काय करणार? अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या अभ्यासाचे पाच वर्षांचे आकडे २०१७ मध्ये आले. त्यात बायपासवाल्यांपैकी २९ टक्क्यांचंच एचबीएवनसी ६ किंवा त्याखाली होतं. नुसत्या औषधांवरच्यांत ५ टक्के. फरक मोठा आहे, पण ‘शुगर कायमची बंद’ म्हणणाऱ्यांनी तो २९चा आकडा नीट वाचावा.

माझी खरी तक्रार गुडघ्यांची आहे. वजन उतरल्यावर जिना सोपा झाला, पण दुखण्यावर घ्यायची गोळीच गेली. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे बंद, कारण जठर-आतड्याच्या जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो. उरलं पॅरासिटामॉल. संधिवात असलेल्यांनी हे ऑपरेशनच्या आधी विचारून घ्यावं. औषधाच्या दुकानात तर ‘काकू, ही घ्या, भारी आहे’ म्हणत नेमकी पॅरासिटामॉलमध्ये यातलंच एखादं औषध मिसळलेली गोळी पुढे येते. पाकिटामागचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचते मी.

दुसरं म्हणजे ताकद. चरबीबरोबर स्नायूही उतरतात, आणि साठीनंतर ते सहजी परत येत नाहीत. मधल्या काळात कुकरचं झाकण बसवताना मनगट थरथरायचं, पाटावरून उठताना हात टेकावे लागायचे. आहारतज्ज्ञ बाईंनी रोज ६० ग्रॅमच्या वर प्रथिनं सांगितली. शाकाहारी माणसानं, इवल्याशा पोटात, ती कोंबायची कुठे? पनीर, घट्ट दही, मुगाचं धिरडं, सोयाबीन, वर व्हे (दुधातल्या प्रथिनांची) पावडर. भात शेवटी, उरली जागा तर. रबरी पट्ट्यांचा व्यायाम सुरू केल्यावर मनगट सुधारलं. केस गळाले, पण ते परत आलेत.

गोळ्यांचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलंय. थायरॉइडची पहाटे उपाशीपोटी, लोह दुपारी, कॅल्शियम सायट्रेट लोहापासून दोन तास लांब आणि बी-१२. जन्मभर. प्रसादाचा शिरा मूठभर खाल्ला की घाम, धडधड, आडवं पडणं. याला डम्पिंग म्हणतात, आणि मला तरी साखर सोडायला त्याचाच जास्त उपयोग झाला.

तरी परत करीन का? हो. झोपेत गुदमरणं थांबलं, इन्सुलिन पाव झालं, एवढ्यावर माझं समाधान आहे. पण वीस वर्षं इन्सुलिनवर असलेल्या आणि घरी पथ्याचं बघायला कोणी नसलेल्या माझ्या नणंदेला मी गळ घालणार नाही. तिला म्हटलं, आधी सी-पेप्टाइडची रक्ततपासणी करून घे, स्वादुपिंडात जीव किती उरलाय ते कळेल. आणि विम्याची पॉलिसी काढून बघ. नियमाप्रमाणे बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत आटोक्यात नसलेला टाइप-२ मधुमेह किंवा तसाच गंभीर आजार असेल, तरच दावा पुढे सरकतो. त्यातही जुन्या आजाराची प्रतीक्षा-मुदत संपलेली लागते.