गोबीच्या टँकसाठी अ‍ॅरागोनाइट वाळू: दाण्याला पूर्ण मार्क, पोटाचं मात्र वेगळं बघा

डायमंड गोबी हा वाळू चाळून खाणारा समुद्री मासा. तो तोंडभर वाळू उचलतो, क्षणभर चघळल्यासारखं करतो आणि कल्ल्यांतून ती भुरभुर खाली सोडतो. वाळूतले बारीक किडे, कोपेपॉड वगैरे तेवढे आत राहतात. दिवसभर हाच उद्योग. अशा माशासाठी वाळू म्हणजे ताटच, त्यामुळे ती शोभेच्या हिशेबाने निवडून चालत नाही. हे परीक्षण ०.५ ते १.५ मिलिमीटर दाण्याच्या कोरड्या अ‍ॅरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटचा एक प्रकार) वाळूचं आहे. स्वयंपाकघरातलं माप सांगायचं तर जाड रव्यापासून लापशीच्या रव्यापर्यंतचा दाणा.

या मापात वाळू उत्तम. दाणे बहुतेक गोलसर असतात, तोंडात आणि कल्ल्यांत टोचत नाहीत. मासा ती सहज उचलतो आणि सोडल्यावर ती लगेच खाली बसते. याहून बारीक, साखरेपेक्षाही लहान दाण्याची वाळू गोबीला चालते. टँकला चालत नाही. पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) झोतात ती उडते, एका कोपऱ्यात टेकडी होते, दुसरीकडे काच उघडी पडते आणि कोरलवर रोज धुरळा बसतो. उलट ३-५ मिलिमीटरचा कोरलचा चुरा स्वस्त मिळतो म्हणून बरेच जण तोच घेतात. तो गोबीला उचलता येत नाही, उचललाच तर तोंड खरचटतं, आणि फटींत अडकलेलं खाणं कुजून नायट्रेट वाढतं ते वेगळंच. स्विमिंग पूलच्या फिल्टरमधली सिलिका वाळू रासायनिक दृष्ट्या निरुपद्रवी आहे, पण तिचे दाणे कोनेदार असू शकतात. वाळू चाळणाऱ्या गोबीखाली ती नको.

पिशवीतली वाळू कॅल्शियम कार्बोनेटची आहे की सिलिकाची, हे घरच्या घरी कळतं. चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाका. फसफसली तर कॅल्शियम कार्बोनेट, गप्प बसली तर सिलिका. कोकणातल्या किनाऱ्यावरून वाळू उचलून आणायचा मोह टाळाच. कायद्याची भानगड आहेच, शिवाय रत्नागिरीच्या पट्ट्यातल्या वाळूत इल्मेनाइटसारख्या काळ्या खनिजांचे दाणे असतात. असले लोहयुक्त दाणे काच पुसायच्या चुंबकाला चिकटतात आणि पुढच्या वेळी काचेवर लांबलचक ओरखडा उमटतो. तो जात नाही.

किती घ्यायची? ९० × ४५ सेंटिमीटर तळाच्या टँकमध्ये ५ सेंटिमीटरचा थर म्हणजे सव्वावीस लिटर. लिटरला दीड किलो धरा, तीस किलो झाली. दुकानदार 'दहा किलोत भागेल' म्हणतो, त्यात दीड-दोन सेंटिमीटरचा थर जेमतेम होतो. दुसऱ्या टोकाला दहा सेंटिमीटरच्या वर जाऊ नका. खालच्या थरात ऑक्सिजन पोचत नाही, तिथे हायड्रोजन सल्फाइड साचू शकतो आणि हा मासा उकरण्यात पटाईत.

दगड आधी, वाळू नंतर. लाइव्ह रॉक (उपयोगी जिवाणू वसलेले सच्छिद्र दगड) थेट तळाच्या काचेवर पक्के बसवा, मग भोवतीने वाळू ओता. वाळूवर ठेवलेल्या दगडाखाली गोबी बोगदा काढतो आणि एका रात्री सगळा ढीग खाली येतो, कधी माशावर, कधी काचेवर.

वाळू धुवायला वेळ द्या. बादलीत एका वेळी पाच किलोच घ्या, हाताने ढवळा, दुधासारखं पाणी ओतून द्या. आठ-दहा पाण्यांनंतर गढूळपणा जातो. शेवटचं पाणी आरओचं. ओल्या 'लाइव्ह' (जिवंत जिवाणू असलेल्या) वाळूची पिशवी मात्र धुवायची नाही. एवढं करूनही टँक एक-दोन दिवस धुरकट दिसतो, घाबरायचं कारण नाही.

आता तक्रारीचा मुद्दा. अशा वाळूच्या जाहिरातीत 'नैसर्गिक परिसंस्था' असलं काहीतरी असतं आणि नवखा समजतो की गोबी वाळूतूनच जेवेल. नव्या वाळूत खायला काहीच नसतं. जुन्या टँकमध्ये असतं, पण एक डायमंड गोबी ते काही आठवड्यांत फस्त करतो. मासा वाळू चाळतोय, टँक लखलखीत दिसतोय, मालक खूश, आणि इकडे छातीच्या परांमागे पोट आत गेलेलं. हा मासा दुकानातून आणल्यावर मरतो तो बहुधा उपासमारीने. विकत घेतानाच त्याला समोर खाऊ घालायला सांगा. वरून बघितल्यावर डोक्यामागचं अंग डोक्यापेक्षा अरुंद वाटत असेल तर तो घेऊ नका.

खाण्यात पहिली पसंती गोठवलेल्या मायसिसला, म्हणजे कोळंबीसारख्या बारीक जिवांना. दहा सेंटिमीटरच्या माशाला अर्धा क्यूब, दिवसातून दोनदा. नवा किंवा हडकुळा असेल तर तेवढंच तीन वेळा विभागून. क्यूब टँकच्याच पाण्यात वाटीत विरघळवा, चहाच्या गाळणीतून गाळा, रंगीत पाणी फेकून द्या. मग पॉवरहेड दहा मिनिटं बंद करून लांब नळीच्या पिचकारीने खाणं थेट वाळूवर, माशाच्या पुढ्यात सोडा. वरून टाकलं तर डॅमसेल आणि क्लाउनफिश मधल्यामध्ये पळवतात. नुसत्या मोठ्या ब्राइन श्रिंपवर भागवू नका, त्यात पोषण कमी. बुडणारी एक मिलिमीटरची पेलेट मायसिसमध्ये मिसळून सवय लावता येते, पण पहिल्या आठवड्यात तिच्यावर भिस्त नको.

गोठवलेल्या पाकिटाची एक कटकट आहे: वीज गेली की ते दुकानात वितळतं आणि परत गोठतं. फॉइलच्या कप्प्यात बर्फाची पोकळी दिसली, रंग एका बाजूला उतरलेला असला, मायसिस अख्खं न राहता लगदा झालं असेल, तर पाकीट परत करा.

यलो वॉचमन गोबी आणि पिस्टल श्रिंपची जोडी पाळायची असेल तर नुसती हीच वाळू पुरत नाही. बीळ खणतो श्रिंप, गोबी दारात पहारा देतो, आणि निव्वळ बारीक वाळूत बिळाचं छत ढासळतं. तीन भाग वाळूत एक भाग ३ ते १० मिलिमीटरचे कोरलचे तुकडे आणि थोडे शिंपले मिसळा, थर सात-आठ सेंटिमीटरचा ठेवा. इथे तो स्वस्त चुरा उपयोगी पडतो.

बंबलबी गोबीचं प्रकरण निराळं. आपल्या खाडीतली निवटी याच गोतावळ्यातली, आणि हेही मचूळ पाण्यात रमणारे. तीन-चार सेंटिमीटरचे हे मासे दुकानात गोड्या पाण्याचे म्हणून विकले जातात. त्यांना १.००२ ते १.००५ घनतेचं पाणी द्यावं, तेही समुद्री मिश्रणाच्या मिठाने. वाळू कोणतीही बारीक, बोथट दाण्याची चालते. अडचण खाण्याची: फ्लेक्सकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. आर्टेमियाची (म्हणजे ब्राइन श्रिंपचीच) पिल्लं घरी काढा. एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम बिनआयोडीनचं मीठ, अर्धा चमचा अंडी, तळापासून जोरदार हवा, २६-२८ अंश. चोवीस तासांत नारिंगी पिल्लं सुटतात. हवा बंद करून खालच्या बाजूला टॉर्च धरा. टरफलं वर तरंगतात, पिल्लं उजेडाकडे येतात, तिथून नळीने ओढून घ्या. त्याच दिवशी खाऊ घाला, उशीर केला तर अंगातला बलक संपून ती पोकळ होतात. गटारातून गोळा केलेले ट्यूबिफेक्स (लाल बारीक किडे) स्वस्त असले तरी सोबत रोग आणतात.

आणि टँकवर जाळीचं झाकण हवंच. डायमंड गोबी बिचकला की उडी मारतो, केबलच्या फटीतूनसुद्धा.