०.३ नोझलचा एअरब्रश: काही महिने वापरल्यानंतर

एअरब्रशचं (हवेच्या दाबाने रंग फवारायचं हत्यार) नवं नोझल एकदाचं आलं आणि बीएफ १०९ जी-६ या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लढाऊ विमानाचं रखडलेलं प्लास्टिक मॉडेल पुढे सरकलं, म्हणून आता सविस्तर लिहितो.

ड्युअल अ‍ॅक्शन (ट्रिगर दाबला की हवा, मागे ओढला की रंग), वर रंगाचा कप, ०.३ मिमीचं नोझल, म्हणजे रंग बाहेर पडायचं टोक. बाकी माहिती सगळ्यांना आहेच. सुरुवातीला तक्रारीला जागाच नव्हती. प्रायमर, खालचा आरएलएम ७६ (हे जर्मन विमानांच्या रंगांचे क्रमांक), वरचे ७४ आणि ७५, सगळं १५ ते २० पीएसआय दाबावर गुळगुळीत बसलं. ट्रिगरची स्प्रिंग आधी कडक वाटायची. आता ती तशीच हवी असं वाटतं, कारण बोट सैल सोडलं की रंग तिथल्या तिथे थांबतो.

खरी परीक्षा फ्यूजलाजच्या, म्हणजे विमानाच्या धडाच्या, बाजूंवरच्या कॅमफ्लाजच्या ठिपक्यांची. १/४८ मापाच्या मॉडेलवर ५ मिमीचा ठिपका म्हणजे खऱ्या विमानावर २४ सेंमी. त्याची कड २ मिमी पसरली तर खऱ्या मापात ती जवळपास १० सेंमीची धूसर पट्टी होते आणि सगळं मॉडेल खेळण्यासारखं दिसायला लागतं. म्हणून रंग नेहमीपेक्षा पातळ, दाब १० ते १२, आणि सुई प्लास्टिकच्या अगदी जवळ. इथेच घोडं अडलं. ठिपका एका बाजूला ओढला जाऊ लागला, मधेच शिंतोडे, आणि कपात बुडबुडे.

कपात बुडबुडे आले की हवा नोझलकडून उलटी रंगात शिरतेय, हे पक्कं समजा. नोझल काढून भिंगाखाली धरलं. तांदळाच्या कणीएवढी वस्तू, आणि तिच्या टोकाला उभा तडा!

सर्व्हिसवाल्यांचं उत्तर: ‘तुम्ही जास्त आवळलंय, वॉरंटीत बसत नाही. नोझल सुटं मिळत नाही, सुई आणि पुढच्या टोपीसकट सेट घ्या.’ माझी सुई काचेवर लोळवून पाहिली, सरळ आहे. टोपीला ओरखडासुद्धा नाही. मग दोन धड वस्तू पुन्हा विकत का घ्यायच्या? मी पाना कधी जोर लावून फिरवलेला नाही, आणि किती आवळायचं याबद्दल सोबतच्या पत्रकात एक ओळही नाही. उलट पाना इतका लांब दिलाय की नवख्याच्या हातून नोझल तुटणारच. इतक्या बारीक आट्यांना हलका हात पुरतो, आणि आट्यांवर किंचित मधमाशीचं मेण लावलं की हवा गळत नाही. हे कंपनीने सांगायचं, गिऱ्हाइकाने शोधून काढायचं नाही. मेलवर मेल पाठवल्यावर अखेर सुटं नोझल आलं. पैसे घेतले, पण फक्त नोझलचे.

तोवर ‘हा एअरब्रश घेऊ नका’ असंच लिहायचं माझ्या मनात पक्कं होतं. एक्झॉस्टच्या काजळीने ते मत बदललं. या विमानाचं डीबी ६०५ हे उलटं (सिलिंडर खालच्या बाजूला असलेलं) व्ही-१२ इंजिन, त्यामुळे एक्झॉस्टची नळकांडी नाकाच्या खालच्या बाजूला, आणि काजळी पंखाच्या मुळावरून मागे जाते. ९५ टक्के थिनर, रंग नावालाच. आधी तपकिरी, जरा रुंद. मग त्याच्या मधोमध काळपट, अरुंद. पहिला हात मारल्यावर काहीच दिसत नाही, वाळू द्यायचा आणि पुन्हा मारायचा. हळूहळू डाग असा उमटतो की तो कुठे संपतो हे बोट ठेवून दाखवता येत नाही. आजवर हे काम मी पिगमेंट पावडरने करायचो, आणि वरून मॅट वार्निश मारलं की निम्मी पावडर दिसेनाशी व्हायची. हा डाग वार्निशखालीही जसाच्या तसा राहिला. या एका कामासाठी मी हा एअरब्रश सोडणार नाही.

वॉशच्या (खाचा उठून दिसाव्यात म्हणून लावायच्या पातळ गडद रंगाच्या) आधीचा ग्लॉस कोटही यानेच मारला, नितळ बसला. तो कोट टाळू नका, मॅटवर एनॅमल वॉश पसरतो आणि पुसला तरी डाग धरतो.

घेणार असाल तर आधी दुकानदाराला विचारा, नोझल सुटं मिळतं का. नाही म्हणाला तर आटे नसलेलं, नुसतं आत सरकवून बसणारं नोझल असलेला एअरब्रश बघा.