स्प्लिंट शिकायला कुठली शीट? ॲक्वाप्लास्ट, ऑर्फिट क्लासिक आणि पॉलिफॉर्म

ओटीच्या (ऑक्युपेशनल थेरपीच्या) शेवटच्या वर्षाला कॉक-अप स्प्लिंटचे, म्हणजे मनगट किंचित वर उचलून धरणाऱ्या आधाराचे, उपयोग घडाघडा सांगता येतात. वॉर्डात मात्र स्प्लिंटची प्लास्टिकची शीट मऊ होऊन गरम पाण्यातून बाहेर आली की हातात दोन-चार मिनिटंच असतात आणि तिथेच गडबड होते. इंटर्नशिपला जाण्याआधी हात बसवायचा, तर शीट निवडताना एकच बघावं: चुकलेलं तिच्यात दुरुस्त होतं का?

या कसोटीवर ॲक्वाप्लास्ट आणि ऑर्फिट क्लासिक पुढे आहेत. दोन्ही साधारण 65 ते 75 अंश सेल्सियसच्या पाण्यात मऊ होतात आणि पारदर्शक दिसतात, त्यामुळे खालची त्वचा कुठे पांढरी पडते ते दिसतं. बिघडलेला स्प्लिंट परत गरम पाण्यात टाकला की शीट सपाट होते. खोट आहे ती थंड होतानाच्या आकसण्यात. पूर्ण अपारदर्शक व्हायच्या आत काढली तर अंगठ्याभोवती आवळते. शिवाय कोटिंग नसलेली शीट स्वतःलाच चिकटते, पाण्यात दुमडली की संपलंच. पाण्यात द्रव साबणाचे दोन-चार थेंब टाकले की चिकटणं कमी होतं.

पॉलिफॉर्मचा स्वभाव उलटा. हाताच्या कमानींत आपोआप बसते, दाबावं लागत नाही. दुखऱ्या, नुकत्याच शस्त्रक्रिया झालेल्या हातासाठी उत्तम. पण एका टोकाला धरून उचलली की ताणून पातळ होते, बोटं रोवली की ठसे उमटतात, आणि ते पुन्हा नीट मिटत नाहीत. तळवा वर ठेवून गुरुत्वाकर्षणाला काम करू द्यावं. आखडलेल्या, झटके देणाऱ्या हातावर ही वापरू नये. नवशिक्याने तर सुरुवात हिच्यापासून करूच नये.

जाडीबद्दल थोडक्यात: कोपराखालच्या स्प्लिंटला 3.2 मिमी, बोटाला 1.6 मिमी. सरावाला फक्त जाड शीट मिळाली की बोटाची पन्हळही (बोट ज्यात बसतं तो खोलगट भाग) तिचीच कापली जाते आणि शेजारच्या बोटाला टोचत राहते.

शीटपेक्षा जास्त नुकसान कागदी पॅटर्न करतो. लांबी कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन-तृतीयांश आणि पन्हळ हाताच्या निम्म्या घेरापर्यंत हवी. पन्हळ जास्त खोल झाली तर वेल्क्रोचा पट्टा हाताला टेकतच नाही, नुसता पुलासारखा काठांवर ताणला जातो. कॉक-अपची पुढची कड तळव्यावरच्या दूरच्या (बोटांजवळच्या) आडव्या रेषेच्या अलीकडे थांबवावी, अंगठ्याच्या मुळाची घडीही मोकळी सोडावी. नाहीतर मूठ वळत नाही. मनगटाच्या करंगळीकडच्या हाडाच्या उंचवट्यावर आधी फोमचा तुकडा ठेवून मग शीट बसवावी. तयार स्प्लिंटला आतून फोम लावण्याची सवय फार दिसते. त्याने जागा कमी होऊन दाब उलट वाढतो.

उकळतं पाणी नको, शीट ताणते आणि भाजण्याची भीती राहते. थर्मामीटर लावलेला खोलगट विजेचा तवा सरावाला पुरतो. शीट पुसून आधी स्वतःच्या हातावर टेकवून बघावी, विशेषतः कुष्ठरोग किंवा नस तुटलेल्या रुग्णासाठी, कारण चटका बसला तरी त्याला कळणार नाही. मऊ असतानाच कात्रीच्या लांब पात्याने कापावं. टोकाने कुरतडलं की कड दातेरी होते. हीट गन फक्त कडांपुरती.

स्प्लिंट 20 ते 30 मिनिटं घालून ठेवून काढावा. लाली पुढच्या 20 मिनिटांत गेली नाही तर तेवढी कड बाहेर वळवावी.

शीट महाग पडते हे खरंच. म्हणून हाताची स्थिती आधी पीओपीवर (प्लास्टर ऑफ पॅरिसवर) शिकावी, पण वेळेचं गणित पीओपी शिकवत नाही. खरेदी एकच करायची तर 3.2 मिमीची आकार परत घेणारी (ॲक्वाप्लास्ट किंवा ऑर्फिट क्लासिकसारखी) शीट घ्यावी, बोटांसाठी 1.6 मिमीचे उरलेले तुकडे मागून आणावेत. आणि प्रत्येक सरावाच्या स्प्लिंटसोबत रुग्णाची चिठ्ठीही मराठीत लिहावी: किती तास घालायचा, गरम पाण्याने धुवायचा नाही, उन्हात उभ्या बंद गाडीत ठेवायचा नाही.