सीओपीडी आणि स्लीप अ‍ॅप्निया एकत्र असताना ‘ऑस्कर’ कितपत उपयोगी पडतो?

झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या सीपॅप आणि बायपॅप यंत्रांतील नोंदी संगणकावर उलगडून दाखवणारा ‘ऑस्कर’ हा मोफत, मुक्तस्रोत प्रोग्राम आहे. मार्क वॉटकिन्स यांनी ‘स्लीपीहेड’ या आधीच्या प्रोग्रामचे काम थांबवल्यावर स्वयंसेवकांनी २०१९ मध्ये त्याच पायावर तो उभा केला. माझ्या वडिलांना स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास वारंवार अडखळणे) आणि सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार) असे दोन्ही आजार आहेत. या जोडीलाच डॉ. डेव्हिड फ्लेन्ली यांनी १९८५ मध्ये ‘ओव्हरलॅप सिंड्रोम’ हे नाव दिले. हे परीक्षण अशा रुग्णांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या दृष्टीने लिहिले आहे.

यंत्रात रात्रभर एसडी कार्ड असेल तरच सविस्तर नोंदी मिळतात. संगणकात घालण्यापूर्वी कार्डाच्या कडेची कळ सरकवून ते कुलूपबंद करावे. माहिती आपल्याच संगणकावर राहते, हे मला विशेष मोलाचे वाटते.

बहुतेकांची नजर आधी एएचआयकडे, म्हणजे तासाला श्वास किती वेळा अडखळला या आकड्याकडे जाते आणि तो पाचच्या खाली असला की घरात समाधान पसरते. ओव्हरलॅपच्या रुग्णाने एवढ्यावर थांबू नये. यंत्र किमान दहा सेकंदांचे अडथळे मोजते. पण सीओपीडीत, विशेषतः स्वप्नांच्या झोपेत, श्वास बराच वेळ नुसता उथळ होतो आणि असा काळ एएचआयमध्ये उमटेलच असे नाही. शिवाय माणूस झोपला आहे की जागा, हे यंत्राला ठाऊक नसते. ते वापराच्या तासांनी भागाकार करते.

ऑस्करची खरी ताकद एकाखाली एक दिसणाऱ्या आलेखांत आहे. श्वसनाचा वेग, प्रत्येक श्वासातील हवा आणि मिनिटभराची एकूण हवा हे तीन आलेख एकत्रच वाचावेत. मिनिटाला १५ श्वास आणि प्रत्येकी ४०० मिलिलिटर हवा, किंवा २५ श्वास आणि प्रत्येकी २४० मिलिलिटर, दोन्हींत मिनिटाची एकूण हवा सहा लिटरच होते. पण प्रत्येक श्वासातील साधारण १५० मिलिलिटर हवा श्वासनलिकांतच राहून वाया जाते, असे धरले तर पहिल्या माणसाला पावणेचार लिटर हवा उपयोगी पडते आणि दुसऱ्याला केवळ सव्वादोन. सीओपीडीत वाया जाणारा हा वाटा आणखी वाढतो. म्हणजे एकूण हवेची रेषा सपाट राहूनही रुग्णाची स्थिती बिघडत असू शकते.

मास्कमधील गळतीचा आलेखही तितकाच महत्त्वाचा आहे. रेसमेड कंपनीच्या यंत्रात मिनिटाला २४ लिटरच्या वर गळती गेली की उरलेले आकडे जपून वाचावेत. त्यांच्या मायएअर अ‍ॅपमध्ये शंभरपैकी सत्तर गुण केवळ वापराच्या तासांना मिळतात. नियमितपणासाठी ते ठीक असले, तरी फुफ्फुसांबद्दल त्यातून फारसे कळत नाही.

सीएमएस५० मालिकेतील काही ऑक्सिमीटरच्या नोंदी ऑस्करमध्ये जोडता येतात आणि माझ्या मते ओव्हरलॅपच्या रुग्णाने ती जोड द्यावीच. मात्र दोन्ही उपकरणांची घड्याळे जुळवून घ्यावीत, नाहीतर ऑक्सिजनची घसरण भलत्याच श्वासाखाली दिसते. कार्बन डायऑक्साइड साचण्याचा धोका असलेल्यांसाठी डॉक्टर बहुधा रक्तातील ऑक्सिजनचे ८८ ते ९२ टक्क्यांचे लक्ष्य ठेवतात, त्यामुळे आकडा कमी दिसला म्हणून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचा प्रवाह घरच्या घरी वाढवणे धोक्याचे आहे.

आणि तो कार्बन डायऑक्साइड ऑस्करला दिसत नाही. त्यासाठी सहसा धमनीतील रक्ताची एबीजी तपासणी लागते. सकाळी डोके जड होणे, दिवसा गुंगी येणे ही लक्षणे आलेख उत्तम असतानाही गांभीर्यानेच घ्यावीत.

प्रोग्राम मोबाइलवर चालत नाही आणि पहिल्या भेटीत आलेखांची गर्दी बिचकवते. अनावश्यक आलेख लपवण्याची सोय आहे, ती आधी वापरावी. दाब बदलण्याचा निर्णय त्यावरून स्वतः घेऊ नये. छातीरोगतज्ज्ञांकडे जाताना एक बरी आणि एक वाईट अशा दोन रात्रींचे गळती, श्वसनाचा वेग, प्रत्येक श्वासातील हवा आणि ऑक्सिजन यांचे आलेख छापून न्यावेत, आणि त्या रात्री खोकला, ताप किंवा नवे औषध होते का, ते कागदावरच लिहून ठेवावे.